जुनं काही दिसतं का?

"वहिनी, कार्ड तुमच्याकडे वळवतेय. सुरू होताना जुनं काही दिसतं का?" नणंदेने दारातून विचारलं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात.

"छे! लख्ख असतं," थोरली म्हणाली.

साफ खोटं. सासऱ्यांच्या या इमारतींच्या नकाशांच्या ऑफिसात भारी ग्राफिक्स कार्ड एकच होतं आणि सुना दोन. दोघींचे आभासी कॉम्प्युटर एकाच मोठ्या मशीनच्या पोटात चालत. तीन वाजेपर्यंत कार्ड धाकटीचं, मग थोरलीचं. हात बदलताना कार्ड रिसेट व्हायला हवं, म्हणजे आधीचं सगळं विसरायला हवं. ते विसरत नव्हतं. थोरलीचा स्क्रीन उजळला की चार-पाच सेकंद त्यावर धाकटीचं शेवटचं चित्र तरळायचं.

आणि काय चित्र असायचं! मुलांच्या वाचनालयाचा नकाशा दोघींनी आपापला केला होता. पुढे जाणार होता एकच, आणि तो सासरे आज पाचला निवडणार होते. थोरलीची या टेबलावर बारा वर्षं झाली होती. दीड वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली ही पोर खिडकीतच मुलांना बसायची जागा करते, आणि आपल्याला ते सुचू नये? तिचा नुसता जळफळाट व्हायचा. चार दिवसांपूर्वी तिने ती खिडकी उचलली. चोरी कळू नये म्हणून उत्तरेची पश्चिमेला फिरवली.

नणंद जागची हलली नाही. "मग मशीनच्या नोंदीत रोज रिसेट फसलं असं का येतं? थांबा, मशीनची वीजच तोडून परत जोडते. दहा मिनिटं. कार्डाला बापजन्मात काही आठवणार नाही."

"नको गं. पाचला बाबांना दाखवायचंय, उगाच खोळंबा होईल."

"बरं. धाकट्या वहिनीही नकोच म्हणाल्या. संध्याकाळी तुमच्याकडचं कार्ड त्यांच्याकडे वळवते ना, तेव्हाही फसतंय. पण त्यांनाही म्हणे सकाळी काही दिसत नाही."

थोरलीचा हात माउसवर तसाच राहिला. काल संध्याकाळी उठताना आपण काय उघडं ठेवलं होतं? खिडकी. परवाही खिडकीच.

नणंदेने आत जाऊन कार्ड वळवलं. स्क्रीन उजळला. आज त्यावर नकाशा नव्हता. कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

"जाऊबाई, खिडकी पुन्हा उत्तरेला करा. पश्चिमेला पोरांच्या डोळ्यांवर ऊन येईल."

अक्षरं विरली. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली, पण लाजेपेक्षा राग मोठा होता. हिला साधा हेवासुद्धा वाटू नये? खिडकी उत्तरेला केली तर नक्कल उघडी पडणार. तशीच ठेवली तर चूक. आणि चूक होतीच. तिच्या टेबलासमोरची खिडकी पश्चिमेची होती, आणि बारा वर्षं ती दुपारचं ऊन तोंडावर घेत इथेच बसत आली होती.

"वहिनी, दिसलं का काही?" आतून नणंदेचा आवाज आला.

थोरलीने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला.

"काहीच नाही गं," ती म्हणाली.