चार फूट वर

"पुढच्या वर्षी नदी धोक्याची पातळी ओलांडणार नाही, हा माझा शब्द!" पुरानंतर आमच्या गल्लीतल्या चिखलात उभे राहून मंत्री म्हणाले. आईने टाळ्या वाजवल्या.

वर्षभर नदीकडे कुणी फिरकलं नाही. मी पेंटर, पावसाळ्याच्या तोंडावर मला सरकारी इंजिनियरांचं बोलावणं आलं. पुलाच्या खांबावरची धोक्याची लाल रेघ पुसून चार फूट वर काढायची होती.

"पण साहेब, पाऊस तर दरवर्षी वाढतोय. आणि पाणी रेघेला लागल्याशिवाय भोंगा वाजत नाही."

"तुला रंगवायला बोलावलंय, अक्कल शिकवायला नाही," इंजिनियर खेकसले.

मी ब्रश उचलला.

मंत्र्यांनी शब्द पाळला. यंदा नदीने धोक्याची पातळी ओलांडली नाही.



भोंग्याची वाट बघत घरात बसलेल्या आईच्या डोक्यावरून मात्र पाणी गेलं.