मच्छरदाणीची शिवण

यशोदाने सुईत दोरा उजव्या बाजूने ओवायला घेतला आणि खाटेवरून बाबली ओरडला, "उजवीकडसून नाय गो! डावीकडसून!"

"गप पडून ऱ्हवा. माका कळता."

कळत तर होतंच. नवऱ्याच्या शेजारी बसून तिने उभा जन्म काज-बटणं केली होती. दोरा कुठून निघून कुठे जातो ते तिने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण बाबली शिंप्याशी सरळ बोलून आजवर कुणाचं काय चाललंय? कौलं परतताना तो छपरावरून पडला, कमरेखाली त्याला काही कळेनासं झालं आणि त्याने मशीनकडे पाठ फिरवली. गोव्याहून मुलगा म्हणाला, मोटर बसवून देतो. तर हा म्हणे, "मोटार शिवणा नाय, पळता." पाय नसलेला शिंपी कसला, म्हणाला, घाल तिच्यावर चादर. पणजोबांच्या वेळची ती पायमशीन पावसाळाभर चादरीखाली राहिली. आज यशोदाने ती चादर ओढून काढली, फाटकी मच्छरदाणी घेतली आणि स्वतःच येऊन बसली.

तिने चाकाला हात लावला आणि चाक पलीकडे ढकललं. कट्कन दोरा तुटला.

"अगो, चाक उलटा फिरवलंस! जीव घेतलंस तू त्या मशीनीचो! उठ थयसून. माका व्हर थय!"

यशोदाने तोंड फिरवून हसू गिळलं आणि चाकांची खुर्ची खाटेला लावली.

मशीनपाशी आल्यावर मात्र बाबलीचा हात सरळ दोऱ्याकडे गेला. तुटका दोरा उपसून टाकला. नवं टोक ओठांत धरून ओलं केलं. रिळावरून दोरा आकड्यात, आकड्यातून दोन चकत्यांच्या मधे, तिथून वर दांडीच्या भोकात, मग खाली आणि डावीकडून सुईत. चष्मा नाही, काही नाही. चाक हाताने एकदा फिरवलं, तसा बॉबिनचा दोरा मुकाट वर आला. किती दिवसांनी यशोदाला ह्या माणसाची बोटं ओळखीची वाटली!

मग बोटं थांबली. तो खाली पायडलकडे बघत राहिला.

"ठेवून तरी बघा," ती म्हणाली. तिने त्याचे पाय एकेक करून उचलले आणि पायडलवर ठेवले. "हलवीत ऱ्हवा म्हणान डॉक्टर बोललो नाय काय?"

ती कापड धरायला म्हणून स्टूल ओढून अगदी लगटून बसली. दोघांच्याही मांडीवरून मच्छरदाणी खाली लोळत होती, त्यामुळे खालचं काही दिसत नव्हतं. यशोदाने आपला पाय हळूच पायडलच्या कोपऱ्यावर नेला. बाबलीने सवयीने चाकाला हात दिला.

मशीन चालू झाली.

"गो," तो कुजबुजला, "चलता गो!"

यशोदाने एवढाच विचार केला होता, की माणूस एकदा मशीनवर बसावा. आपलेच पाय चालले असं त्याला वाटेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता खरं सांगावं, तर तो परत खाटेवर जाणार आणि तोंड भिंतीकडे करणार. नाही सांगावं, तर उद्या काय?

"होय," ती म्हणाली. "चलता."

दारातून खारा वारा आला आणि मच्छरदाणी फुगली. खोलीभर पांढरं पांढरं झालं. त्याच्यावरून माडाच्या झावळ्यांची सावली हलत होती. मशीनचा आवाज एका लयीत लागला आणि लय लागली की मशीन आपणच चालते असं वाटतं. यशोदाला पेंग आल्यासारखं झालं. आपण दोघं घरात नाही, कुठेतरी निघालोय, आणि पोचायची घाई नाही.

"काल सपान पडला," बाबली म्हणाला. "मी तारकर्लीक चलत गेललंय. वाळू तापलली. पाय भाजत होते आणि माका काय बरा वाटत होता म्हणान सांगू!"

"मगे?"

"मगे काय? तू हाक मारलंस, चाय झाली म्हणान."

दोघंही हसली. एक कड संपली, कोपरा आला. त्याने कापड वळवलं, पुन्हा चाकाला हात दिला. तिने नेमका तेव्हाच पाय दाबला. दुसरी कड चालू झाली.

"तुझो पाय नाय मा पायडलार?" त्याने मधेच विचारलं.

"माझो? कित्याक? माझे पाय हय आसत." तिने दुसरा पाय जमिनीवर दोनदा आपटून दाखवला.

त्याने कापड पुढे सरकवलं. शिवण सुरूच राहिली. टाके एकसारखे पडत होते, पण यशोदाच्या पोटरीत आता गोळा येऊ लागला. घाम कानामागून ओघळला. तिने दात आवळले. मधे थांबली असती तर सगळं उघडं पडलं असतं. देवा रामेश्वरा, हा कोपरा येईपर्यंत तरी धर रे माझा पाय.

कोपरा आला. बाबलीने कापड उचललं, वळवलं, सुईखाली नीट लावलं. हात चाकावर नेला, पण चाक फिरवलं नाही. सुईकडेच बघत, अगदी हळू म्हणाला,

"तो पाय दमलो आसतलो गो. आता दुसरो लाव."