शेवटचा अंक

उल्हासनगरला तेव्हा कल्याण कॅम्प म्हणत. लढाईच्या दिवसांत इथं उतरलेल्या गोऱ्या शिपायांनी काढलेलं इंग्रजी वर्तमानपत्र जेमतेम वर्षभर चाललं. शिपाई गेले, गठ्ठा बरॅकीत राहिला. त्याच बरॅकीत आता कराचीहून आलेल्या निर्वासितांचे संसार होते, दोन संसारांमध्ये नुसता गोणपाटाचा पडदा. आडोसा व्हावा म्हणून जेठानंद मास्तर पडद्यावर ते जुने अंक चिकटवत होते. एकाच बाजूला छापलेल्या शेवटच्या अंकाला मात्र त्यांनी अक्षरांच्या बाजूनंच खळ फासली. “अहो, अक्षरं आत गेली की!” बायको म्हणाली. “एवढं मोठं काय लिहिलंय?” “शिपायांचं काहीतरी. आपल्या कामाचं नाही.” पण खळीनं कागद भिजला आणि मोठाली अक्षरं हळूहळू उलटी उमटली, उजवीकडून डावीकडे, मास्तरांच्या सिंधीसारखी. “आता तरी सांगा,” ती म्हणाली. मास्तरांनी ओल्या ओळीवर तळहात टेकवला आणि वाचून दाखवलं, “आम्ही घरी निघालो.”