धोंडूचा कोट

भाट्ये गावात गोदूबाईंच्या पडवीत उकडत होतं, म्हणून त्यांनीच लवूला कोट काढायला लावला आणि आत खुंटीला लावायला लेकीकडे, तुळसाकडे दिला. कोट धोंडूचा होता. मुलगी बघायला जायचं म्हणून लवूने तो मागून घेतला होता, आणि एकट्याने जायचा धीर होईना म्हणून धोंडूलाही सोबत आणलं होतं. तेवढं मात्र त्याने करायला नको होतं.

"पगार काय पडतो?" गोदूबाईंनी विचारलं.

"पन्नास. शिवाय घरचा भात हाय."

गोदूबाईंचा चेहरा खुलला. फणसपोळीची ताटली त्यांनी लवूपुढे सरकवली. मग दुसऱ्या पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून सहज वळल्या. "आणि तुमाला वो?"

"एकशे दहा," धोंडू खाली बघत म्हणाला.

दोघे एका बाकावर शिकलेले, बंदरावरच्या एकाच कचेरीत कामाला. धोंडू कारकून, लवू शिपाई. आत्ता आत्ता भरपूर वाटलेले पन्नास रुपये एकदम केविलवाणे झाले. गोदूबाई पुढे लवूशी बोलल्याच नाहीत.

निघताना तुळसाने कोट आणून दिला. खाडीवर होडीची वाट बघताना लवूचं लक्ष गेलं. सकाळपासून लोंबणारं मधलं बटण घट्ट बसलं होतं. काळ्या कोटावर तांबडा दोरा, तिच्या चोळीच्या रंगाचा. लवूला हसू आवरेना. तिने आपलं उत्तर देऊन टाकलं होतं.

इतक्यात गोदूबाई धापा टाकत आल्या. लवूकडे न बघता त्यांनी धोंडूला माडाखाली नेलं. बोलणं फार चाललं नाही. धोंडू परतला तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

"माझं विचारतायत," तो म्हणाला.

"मग? तू काय सांगितलंस?"

"आयेला विचारून सांगतो म्हटलंय."

धोंडू आणखी काही बोलेल म्हणून लवू थांबला. होडी काठाला लागली, माणसं उतरली, तरी धोंडू बोलला नाही. लवूने कोट काढला, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिला.

"घे. तुझं बटण लोंबत होतं ना, ते तिनं शिवलान. आता पडायचं नाय."