अडतीस ठोके

"मॅडम, खिडकीजवळची खाट! पल्स अडतीस!" सिस्टर टान्याने वॉर्डच्या दारातच सांगितलं आणि डॉक्टर विनिता तशीच पुढे धावली. मागून ब्रदर फ्रँकलिन औषधांची ट्रॉली दामटत आला. पेशंट ढासळतोय असं वाटलं की सिस्टरने एक फोन फिरवायचा आणि या टीमने हातातलं काम टाकून पळत सुटायचं, अशी ठाण्यातल्या त्या हॉस्पिटलची पद्धत. तहान लागल्यावर विहीर खणायला नको म्हणून. बाकीचे डॉक्टर त्यांना चेष्टेने फायर ब्रिगेड म्हणत.

खाटेवर मालनबाई निपचित पडल्या होत्या. न्यूमोनिया, कालपर्यंत खोकून खोकून जीव मेटाकुटीला आलेला. उशाशी मॉनिटर कोकलत होता, तरी बाई हलत नव्हत्या. बाजूच्या खुर्चीत त्यांचे यजमान महिपत मांडीवर शाल घेऊन बसले होते. ही झोप की शुद्धच हरपलीय? विनिताने मालनबाईंचा खांदा गदागदा हलवला.

"मावशी! मावशी!"

"काय झालं?" मालनबाईंनी त्रासून डोळे उघडले. "आत्ताशी कुठे डोळा लागलेला."

विनिताने मनगट धरलं. हात ऊबदार, नाडी भरभर आणि ठणठणीत. पडद्यावर मात्र अडतीस. बघता बघता छत्तीस झाले.

"मशीन गंडलीय मॅडम. दुसरी आणतो," फ्रँकलिन म्हणाला.

"थांब जरा."

विनिताला कोडं अर्धवट सोडवत नसे. घरचे त्याला नसती चौकशी म्हणत. बिघडलेलं मशीन वाटेल ते दाखवतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण हे तर एकेक ठोका नीट काढत होतं, संथ आणि स्वच्छ. म्हणजे कोणाचा तरी ठोका होता हा. मग कोणाचा?

तिने मॉनिटरमागची तार चिमटीत धरली आणि तिच्यावरून बोटं पुढे नेली. तार खाटेच्या कठड्यावरून खाली उतरली. मालनबाईंच्या हाताकडे वळायचं सोडून खुर्चीकडे गेली आणि शालीखाली गडप झाली.

"काका, हात बाहेर काढा."

महिपत ओशाळले. मालनबाईंच्या बोटाला असायची ती नाडी मोजणारी क्लिप त्यांच्या बोटाला होती.

"सॉरी मॅडम. हिने कूस बदलली रे बदलली की ही मशीन बोंबलायची. डोळ्याला डोळा नाय लागला हिच्या. मी वागळे इस्टेटला कारखान्यात प्रेस मशीनवर होतो ना, तिथला सेन्सर पण असाच उगाच ओरडायचा. त्याला समोर कायतरी दाखवत राहिलं की गप बसतो." मग घाईघाईने म्हणाले, "बंद नाय केली हां मी. चालूच ठेवलेली."

"अहो काका! आणि त्यांना काही झालं असतं तर?" टान्या कडाडली.

राग विनितालाही आला, चांगलाच आला. पण तो काढायला सवड नव्हती. तिने महिपतांचं मनगट धरलं. हात गार, घामाने चिंब. एक ठोका लागला आणि पुढच्याची वाट बघावी लागली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालं होतं खरं. पण बंब निदान त्याच गल्लीत येऊन उभा होता.

"काका, चक्कर येतेय?"

"सकाळपास्नं. खुर्चीत झोपलो की येते तशी. माझं सोडा हो, हिचा ऑक्सिजन बघा." एवढं बोलले आणि त्यांची मान कलंडली.

वॉर्डात एकही खाट रिकामी नव्हती. कोणी काही सुचवायच्या आत मालनबाई हातातल्या सुईसकट खाली उतरल्या होत्या. "इथे घ्या त्यांना. इथे."

तिघांनी मिळून महिपतांना उचललं. छातीवर मॉनिटरच्या पट्ट्या लागल्या, शिरेत इंजेक्शन गेलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा निरोप खालच्यांना धड पोचत नव्हता; दुखत नाही, खुपत नाही, माणूस बसल्या जागी जातो. विनिता पडद्याला डोळे लावून उभी राहिली. ठोके हळूहळू चढले, पन्नाशीला टेकले. मग तिने श्वास सोडला.

"आयसीयूत घेऊन चला. पेसमेकर बसवायला लागेल," ती म्हणाली.

महिपतांनी डोळे उघडले. बायको उभी दिसली. "अगं, तू कशाला उठलीस?"

"गप पडा हो तुम्ही," मालनबाई म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

सहदेव वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. महिपतांना त्यावर घेतलं, आणि मान वर न करताच त्याने रोजचा प्रश्न विचारला, "पेशंटसोबत कोण आहे?"

टान्याने विनिताकडे पाहिलं.

"मी आहे," मालनबाई म्हणाल्या. अंगातल्या हॉस्पिटलच्या गाऊनची नाडी त्यांनी घट्ट केली. खाली वाकून खुर्चीखालच्या महिपतांच्या चपला उचलल्या, काखेत धरल्या, आणि दुसऱ्या हाताने सलाइनचा स्टँड ढकलत स्ट्रेचरमागून चालू लागल्या.