नमुना बाद

संग्रहालयाच्या साहेबांनी भिंगातून दहा मिनिटं पाहिलं आणि यादीतल्या शेवटच्या पतंगापुढे लिहिलं : विकृत नमुना, बाद.

"बरणी लहान पडली, बाई," ते म्हणाले. "कोशातून निघालेल्या पतंगाला लटकायला जागा लागते. नसली की पंख उलगडत नाहीत, तसेच वाळतात. नवशिक्यांचं होतंच असं. मनाला लावून घेऊ नका."

शिंपीणबाईंनी मनाला लावून घेतलं. कापडाच्या ताग्यांमागे, पेट्यांमध्ये, त्यांची अठरा वर्षं टाचण्यांवर उभी होती. बेटावरचे दोनशे चौदा पतंग. त्यातले दोनशे तेरा साहेबांनी मान्य केले; पण ते पलीकडच्या किनाऱ्यावरही सापडायचे. फक्त या बेटाचा असा हा एकच होता, आणि यादी दुपारच्या बोटीने छापायला जाणार होती.

"पहिल्या वर्षी माझ्याही बरण्या लहान होत्या," बाई म्हणाल्या. "तसले अकरा मीच फेकून दिले. ही तशी नाही. हिच्या आईला पंख नव्हते, आजीलाही नव्हते. नर उडतात, माद्या चालतात."

"हे कुणी पाहिलं?"

"मी."

"तुमच्याशिवाय?"

"मी पाहिलंय," कोपऱ्यात काजं करत बसलेली नणंद म्हणाली. "या घरात माणसांना चहा मिळो न मिळो, वहिनीच्या अळ्यांना पाला वेळेवर."

साहेब हसले. "बिनपंखी माद्या असतात, नाही असं नाही. पण या कुळात आजवर एकही नाही. आणि ती सापडावी एका..." त्यांची नजर शिवणयंत्रावर गेली आणि पुढचा शब्द त्यांनी गिळला.

"शिंपिणीला," बाईंनी वाक्य पुरं केलं. "बोला की."

आपल्याला रडू येणार, असं त्यांना सकाळपासून वाटत होतं. आला तो संताप. त्या उठल्या, खिडकीतली बरणी उचलली आणि कालच नराची भेट झालेली एक जिवंत मादी साहेबांच्या यादीवर सोडली.

"इथला वारा छपरावरची कौलं उडवतो, साहेब. पंख असते तर ही कधीच समुद्रात गेली असती. तुम्ही विकृत म्हणा. आम्ही शहाणी म्हणतो."

बटणाएवढी, केसाळ मादी कागदावरून सावकाश चालली. 'बाद'वर आली, थांबली, पोट टेकवलं आणि अंडी घालू लागली. एक, दोन, सात, बारा. साहेब तिला झटकायला पुढे झाले.

"हात लावू नका. अंडी चिकटतात. खरवडलीत तर मेली."

बंदरावर बोटीचा भोंगा झाला.

"पण मला यादी न्यायची आहे."

"न्या की. तुमच्याकडे मोठमोठ्या बरण्या असतील, त्यात वाढवा. पोरींना पंख फुटले तर मी खोटी. नाही फुटले, तर तो शब्द तुमच्या हातानं खोडायचा." बाईंनी ओल्या फडक्यात पाल्याची जुडी बांधून त्यांच्या काखेत दिली. "दुसरं काही खात नाहीत त्या."

दोघी खिडकीतून बघत राहिल्या. साहेब उतारावरून चालले होते, कागद दोन्ही तळहातांवर आडवा धरून, वाऱ्याकडे पाठ करून, एकेक पाऊल तिरकं टाकत. बोटीने दुसरा भोंगा दिला. तरी ते पळाले नाहीत.