न बुडणारी होडी

भरती आली आणि काशिनाथ तांडेलांची मोडकी होडी पुन्हा खाडीच्या तोंडाशी येऊन लागली. तळाला भोकं पाडून सकाळीच त्यांनी ती खोल पाण्यात सोडली होती. आत फोम भरलेली ती हलकी फायबरची होडी कुजत नव्हती, बुडत नव्हती. जाळली तर धुराने घसा सोलवटायचा. डिझेल वाचतं म्हणून साऱ्या किनाऱ्याने तसल्याच होड्या घेतल्या होत्या. आता खाडी त्यांच्या सांगाड्यांनी भरली होती आणि मासळीच्या पोटात त्यांचाच चुरा निघत होता.

"परत खोल पाण्यात ओढून नेऊया?" बायकोने, यमुनेने विचारलं.

"नको गो. हात भरून आले."

"मग सोडून द्या. जाईल वाहत कुठेतरी."

काशिनाथांनी पाण्यात उतरून होडीचा दोर धरला. मग ती ओढत आणून त्यांनी आपल्या दारातल्या माडाला बांधली.

"दुसऱ्याच्या दारात तरी नको जायला," ते म्हणाले.